लाल गाडीचा खर्ज

माझे बाबा आवाज काढायचे आणि मी आवाज मारतो. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांचा धंदा एवढ्यात सांगून होतो. बाबा गोंदियातल्या एका बँड पार्टीत बास वाजवायचे, म्हणजे तो अंगाभोवती अडकवायचा भला मोठा पितळी भोंगा, ज्याचं तोंड परातीएवढं असतं. आणि माझं दवनीवाड्याच्या रस्त्याला सायलेन्सरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, राईसमिलच्या ट्रका, पोट्ट्यांच्या फटफट्या, काहीही आणा. बोंबलत आणायची आणि गप्प करून न्यायची.

वरातीत सगळे ट्रम्पेटवाल्याकडे बघतात. क्लॅरिनेटवाल्याला फर्माइशी होतात. बासवाल्याकडे कुत्रंसुद्धा ढुंकून बघत नाही. तो बिचारा मागच्या रांगेत गाल फुगवून तेच ते दोन-तीन सूर काढत चाललेला असतो. पण लहानपणी मी हट्टानं बाबांच्या अगदी बाजूनं चालायचो, कारण तो सूर कानात येतच नव्हता. तो पोटात यायचा, बेंबीच्या मागे. चड्डीचा नाडा थरथरायचा, खोटं सांगत नाही. बाकी बँड रस्त्यानं जायचा आणि बाबांचा सूर रस्त्याखालून यायचा, असंच मला तेव्हा वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

लग्नसराई संपली की बाबा एका राईसमिलमध्ये पोती उचलायला जायचे. कोंड्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली आणि हळूहळू बाबांचा दम गेला. आधी दोन गल्ल्यांत थांबायला लागले, मग एका गल्लीत. एका लग्नात नवरदेव घोड्यावर बसला तरी बाबांच्या भोंग्यातून नुसती हवा आली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी भोंगा जुन्या साडीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. तेव्हापासून खिशात दम्याचा पंप आणि बूड माझ्या दुकानासमोरच्या खुर्चीवर. रस्त्यानं वरात आली की उठून आत जायचे आणि पंखा मोठा करायचे.

मला काय पाहिजे होतं ते आधीच सांगून टाकतो, लपवाछपवी कशाला. बाबांनी त्यांचा तो सूर एकदा तरी पुन्हा ऐकावा, एवढंच पाहिजे होतं. मोबाइलवर लावून पाहिलं, तर त्या इवल्याशा डबीत तो सूर मावतच नाही, नुसती माशी भुणभुणते. दुसऱ्या बँडचा बासवाला घरी बोलावला, चहा पाजला, वाजवायला लावलं. बाबा म्हणाले, "पोकळ हाये." डीजेच्या भिंतीसमोर नेलं, तर म्हणाले, "हा दनका हाये बाप्पा, सूर नोहे." मग मी नाद सोडला.

अशात एका उन्हाळ्याच्या शेवटी ती लाल गाडी आली. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. आमच्या रस्त्यावर तिला येताना बघून पानठेल्यावरची माणसं पान चघळायची थांबली. उतरली एक बाई, पस्तिशीची असेल, पायात साधी चप्पल, केसांत कोंडा. म्हणजे धानाचा कोंडा. वडिलांच्या मागे राईसमिल तीच चालवते, हे नंतर कळलं. मिल म्हटलं की माझं डोकं आपोआप सटकतं. ही ती मिल नव्हती, तरी सटकलं.

"भैया, इसकी आवाज ठीक करनी है."

"कमी करायची?"

"कम नहीं. अच्छी."

मी सरळ सांगितलं, आवाज वाढवून देणार नाही. पोलीस असले सायलेन्सर काढून रोडरोलरखाली घालतात, आणि बरोबर करतात.

"शोर तो मिल में दिनभर सुनती हूँ," ती म्हणाली आणि मग मराठीवर आली. "वाढवायचा नाही हो भाऊ. नागपूरला एकानं हा पाइप टाकून दिला, तेव्हापासून डबडं वाजवल्यासारखी वाजते. मी ही गाडी जुनी घेतली ना, पहिल्यांदा चालू केली तेव्हा इथं लागली होती." आणि तिनं पोटावर हात ठेवला.

छातीवर नाही, कानावर नाही, पोटावर. माझ्या हातातला पाना तसाच राहिला. खुर्चीवर बाबांनी डोळे मिटलेले होते. ते त्यांनी उघडले, गाडीकडे पाहिलं आणि परत मिटले.

मी गाडी ठेवून घेतली. इंजिन काय होतं ते! बॉनेट उघडून चालू केलं, वर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हललं नाही. एवढं मोठं जनावर आणि एवढं शांत. पण मागून जे बाहेर यायचं ते टिनपाट. राग आला मला, त्या नागपूरवाल्याचा. हा गुन्हा आहे, असं मी बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो.

मग लागलो कामाला. इंजिनाजवळचा धूर साफ करायचा जाळीचा डबा तसाच ठेवला, त्याला हात लावायचा नसतो. मागचा सगळा पाइप नवा केला. मोठा डबा टाकला, त्यात काचेचा कापूस भरला. गाडी छान गप्प झाली आणि जरा वेग घेतला की आत बसणाऱ्याची कानशिलं दुखतील असा घूंऽऽ सुरू झाला. तो काढून दोन लहान डबे टाकले. मग गाडी भुंकायला लागली. बाई मधून मधून मिलमधून यायची, एक चक्कर मारायची आणि म्हणायची, "पहले से तो अच्छा है भैया." हे वाक्य म्हणजे आगीत तेल. शिव्या दे बाई एक वेळ, पण हे नको.

तिसऱ्यांदा ती असं म्हणून गेली, तेव्हा मी पाना भिंतीवर फेकला. पाना भिंतीवरून पिंपावर, पिंपावरून माझ्याच नडगीवर.

"काऊन आदळआपट करून राहिला बे?" बाबा खुर्चीवरून म्हणाले.

"तुमाले कायले पाहिजे?"

"त्याचा दम तुटून राहिला ना. आयकू नाही येत का तुले?"

दम हा शब्द बाबांनी कितीतरी दिवसांत स्वतःच्या छातीशिवाय दुसऱ्या कशाबद्दल काढला नव्हता. मी नडगी चोळायची विसरलो. बाबा उठले. भिंत धरत गाडीपाशी आले आणि मागच्या पत्र्यावर तळहात टेकवला.

"रेस दे. हळू. हळू म्हटलं ना, कोनी तुह्या मायले घेऊन पळून नाही चालला."

मी हळूहळू रेस दिली. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. बँडमध्ये सूर लावताना करायचे तशीच.

"सूर खाली उतरून राहिला, तर मधातच पाइप सरून राहिला," ते म्हणाले. "आखूड हाये. फेरा दे त्याले."

"जागा कुठं हाये खाली?"

"माहा भोंगा सरळ केला तर तो तरी या दुकानात मावन का?"

घ्या! जन्मभर सायलेन्सर जोडले आणि हे मला सुचलं नव्हतं. भोंग्यात पाइप गुंडाळलेला असतो. बोटानं कळ दाबली की हवा आणखी एका वेढ्यातून फिरून येते आणि सूर खाली उतरतो. बास हे सगळं मिळून एक लांबलचक पाइपच आहे, माणसाच्या अंगाभोवती मावेल असा घडी केलेला.

मग मी गाडीखालचा पाइप तसाच घडी केला. डिकीखाली, स्पेअर चाकाच्या बाजूनं, एक वेढा पुढे, एक मागे. बाबा खुर्ची ओढत गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या काठाशी आले आणि तिथून हुकूम सोडायला लागले. वळण असं काटकोनात नको, हवा ठेचकाळते. जोड आतून घास, माझ्या बोटाला लागून राहिला तर हवेला नाही लागणार का. मधून पंप मारायचे, मधून चहा मागायचे, मधून मला गाढव म्हणायचे. घरात इतकी भांडणं बऱ्याच दिवसांत झाली नव्हती आणि मी खूष होतो.

घूंऽऽ गेला, भुंकणंही गेलं. आवाज खाली उतरला, मऊ झाला. पण बाबा म्हणाले, "आता तोंड पाहिजे." म्हणजे भोंग्याचं पसरट तोंड. मी पत्र्याचं करून दाखवलं. बाबांनी त्यावर खिळा वाजवला. "टिन," म्हणाले. मग वर बोट दाखवून म्हणाले, "माळ्यावरचा काढ."

"बाबा, नाही."

"काढ म्हनतो ना."

"तो भोंगा कापायचा नाही मले."

"मंग वाजवत कोन हाये? माळ्यावरचे उंदरं?"

आमचं भांडण शेजारच्या दुकानदारानं येऊन सोडवलं, इतकं वाढलं होतं. जिंकले बाबाच. साडी सोडली तर भोंगा लखलखत होता. मला वाटलं होतं काळा पडला असेल. मी करवतीच्या ब्लेडनं त्याचं तोंड कापत होतो आणि बाबा पितळेचा भुगा हातावर झेलत होते. पितळेच्या काडीनं ते तोंड पाइपाला पक्कं जोडलं. गाडीच्या मागे, बंपरखाली, वरातीतला तो भोंगा उघडा झाला.

चालू केली. बाप रे बाप! काय सांगू. आवाज मोठा नव्हता. पानठेल्यावर चाललेलं बोलणं थांबलं नाही. पण बोलणाऱ्यांनी बोलता बोलता एकेक हात पोटावर नेला. त्यांना स्वतःला कळलं नसेल. दुकानाच्या शटरवरची धूळ बारीक बारीक खाली यायला लागली. बाबा खुर्चीत ताठ बसले. ओठ आपोआप आत गेले, फुंकायच्या आधी जातात तसे.

बाईला फोन केला. ती धावतच आली, ऐकलं आणि सरळ स्टिअरिंगवर बसली. बाबांना तिनं बाजूला बसवलं. मी मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे कानाला लावून. निघालो दवनीवाड्याकडे. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. दोन्हीकडे चिखल केलेल्या बांध्या, बाया ओळीनं वाकून रोवणा करत होत्या. गाडी बाजूनं गेली की ओळीतली एकेक बाई कंबर सरळ करून बघायची. बाबांनी खिडकीतून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वरात त्यांचीच.

आणि ठण्णकन आवाज आला, मागोमाग गाडी पुन्हा टिनपाट.

भोंग्याचं तोंड गळून पडलं होतं. जोड माझा पक्काच होता, आजही त्या पाइपाला पितळेची कडी चिकटलेली आहे. पण जोडाच्या पुढच्या भागात त्या तोंडाला मागे कधीतरी एका वरातीत गोल तडा गेला होता आणि बाबांनीच त्याला कथलाचा डाग दिला होता. बँडवाले सगळं कथलानंच डागतात. माणसाच्या फुंकेनं कथील वितळत नाही. गाडीच्या धुरानं वितळतं. एवढी साधी गोष्ट, आणि एक सायलेन्सरवाला आणि एक बासवाला, दोघंही विसरलो. आम्ही खाली उतरेपर्यंत मागून चिखलणीचा ट्रॅक्टर लोखंडी चाकं खडखडवत आला आणि भोंग्यावरून गेला.

रोवणाऱ्या बायांपैकी एकीनं तो चिखलातून उपसून आणला. अगदी चपटा. पदरानं पुसत ती म्हणाली, "कोनाचं ताट व्हय गा हे?"

मी बांधावर बसलो आणि खरोखर रडलो. लाज वाटायची होती तर वाटू दे. बाबांचा भोंगा गेला होता, तो मी कापला होता आणि सूर ऐकायला मिळाला इनमिन एवढासा. वर पाहतो तर बाबा हसत होते. असे हसत होते की पंप मारावा लागला. पंप मारून पुन्हा हसले. "ताट!" म्हणाले. त्या बाईकडून ते ताट घेतलं, मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसले.

मग म्हणाले, "दर दिवाळीले मी काढून पुसत होतो. तुमी झोपले का काढो. वाटे, एखाद्या वर्षी दम येईन वापस."

मी बांधावर त्यांच्या जवळ सरकलो.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "वाट पाहनं सुटलं. आता तूच कर नवं तोंड."

मिलवाली बाई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं बाबांना हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "काकाजी, जितना टाइम लगे." त्या दिवशी माझा मिलवाल्यांवरचा राग गेला असं नाही म्हणणार. थोडा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खडू मागितला आणि दुकानाच्या फरशीवर भोंग्याच्या तोंडाची रेघ काढली. एका हातानं, खडू न उचलता, पाइपापासून काठापर्यंत. जन्मभर ज्याला छातीशी धरलं ते न बघता काढता येत असावं. मी जाड स्टीलचा पत्रा घेतला आणि लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून ठोकून त्या रेघेला आणला. बाबा खिळा वाजवायचे, मान हलवायचे, "काठ पातळ कर" म्हणायचे. मी पुन्हा ठोकायचो. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर चिंधी बांधली. शेवटी एकदा खिळा वाजवला आणि बाबा नुसतं "हं" म्हणाले. मग त्या चपट्या पितळेची एक पट्टी कापून मी काठाभोवती गुंडाळली. या वेळी डाग नाही, रिव्हेट.

बाईनं विचारलं कुठं जायचं. मी म्हटलं, मोकळा रस्ता नागझिऱ्याच्या अभयारण्याकडे आहे. बाबा म्हणाले, "तिकडे नोको. जनावराईले कायले तरास?" म्हणून सालेकशाकडे निघालो, सकाळी, ऊन अंगावर येत होतं तेव्हा. आमगाव मागे पडलं, शेतं संपली, मोहाची झाडं सुरू झाली. गाव लागलं की बाई गाडी दबकत न्यायची. जंगलातला सरळ रस्ता आला, पुढे माणूस नाही की ढोर नाही, तेव्हा तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली आणि तिनं पाय दाबला.

आवाज वरून खाली आला. चढत गेला नाही, उतरत गेला. बाकी सगळ्या गाड्या वेग घेताना किंचाळतात, ही खोल गेली. मग एका जागी तो सूर टेकला आणि तिथंच थांबला. रुंद, गोल, कुठं खरखर नाही. माझ्या बेंबीच्या मागे येऊन उभा राहिला तो. मी अर्ध्या केसांचा, चष्मेवाला माणूस, गुडघे कानाला लावून बसलो होतो आणि बाबांच्या बाजूनं वरातीत चालत होतो. सूर रस्त्याखालून येत होता. दोन्हीकडची झाडं, रस्ता, माझे दात, सगळं त्यात होतं. देवाशपथ, असं काही पुन्हा ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी उजवा हात वर केला. बँडमास्तर करायचा तसा, पंजा उघडा, म्हणजे धरून ठेवा. हे बाईला कुणी शिकवलं नव्हतं. पण तिनं पाय जराही हलवला नाही. सूर चालला. कोणत्याही माणसाची फुंक जिथं सरते तिथून पुढे गेला, आणि आणखी पुढे. बाबांचा हात खाली येत नव्हता. डोळे मिटलेले, ओठ आत, गाल ताणलेले. मला भीती वाटली की आता खोकला येणार. मी पुढे वाकून त्यांच्या खिशातला पंप चाचपला.

मग हात खाली आला. बाईनं पाय काढला. सूर हळूच बसला, गाडी घरंगळत थांबली आणि जंगल एकदम शांत झालं.

आणि त्या शांततेत बाबांनी श्वास घेतला. सूर सरल्यावर बासवाला घेतो तसा, पोटापासून, खांदे वर जाईपर्यंत. छातीत शिट्टी वाजली, वाजणारच. पण श्वास पुरा गेला. चार पावलांवर पंप मागणारे बाबा छाती भरून बसले होते.

"काकाजी, ठीक है?" बाईनं हळूच विचारलं.

बाबांनी खिशावरचा माझा हात झटकला, सीटवर नीट बसले आणि ओठ पुन्हा आत घेतले.

"अजून एक डाव," म्हणाले.